ती गाय मी बाजारात नेली नाही

आमच्या गोठ्यातल्या चौदापैकी चार गाई टीबीच्या चाचणीत पॉझिटिव्ह निघाल्या. ही गोष्ट गावात बोलू नकोस, असं मला घरच्यांनी सांगितलं, शेजाऱ्यांनीही सांगितलं. आज वर्षभरानं मी ती इथे लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर बाजारातून दुसऱ्या वेताची एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन संकरित गाय आणली. अंगानं भरलेली, दिवसाला बावीस लिटरची. आम्ही दात पाहिले, सडं चाचपली, दोन वेळची धार काढून पाहिली, लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस झालीय का ते विचारलं. टीबीची चाचणी झालीय का, हे विचारायचं असतं हेच मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वर्षभरात ती उतरायला लागली. खायची सगळं, तरी बरगड्या दिसू लागल्या. पहाटे उठवली की दोन-तीनदा ठसकायची. तार गिळली असेल म्हणून पोटात चुंबक सोडून झालं, जंताचं औषध झालं, लिव्हर टॉनिक झालं. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी मानेवरचे केस भादरून कातडीची जाडी मोजली, ट्यूबरक्युलिन (क्षयजंतूपासून केलेलं चाचणीचं द्रव्य) टोचलं आणि ७२ तासांनी पुन्हा मोजलं. जाडी ४ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढली तर पॉझिटिव्ह. तिची मान लांबूनच सुजलेली दिसत होती.

मग सगळ्या गोठ्याची चाचणी केली. तिच्या दोन्ही बाजूंना, त्याच गव्हाणीवर बांधलेल्या दोघी निघाल्या, आणि चौथी आमच्या घरची सगळ्यात जुनी, सहाव्या वेताची. या तिघींना ना खोकला, ना दुधात घट. डोळ्यांनी पाहून या आजाराचं निदान होत नाही, आणि दिसायला लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

त्या रात्री मी गोठ्यात जाऊन नुसती बघत बसले. छताचा पत्रा खाली आलेला, थंडी म्हणून तिन्ही बाजूंनी ताडपत्री, एकच गव्हाण, एकच हौद. हा जंतू मुख्यतः श्वासातून पसरतो. उन्हात लवकर मरतो, पण अंधाऱ्या, ओल्या शेणात कित्येक आठवडे टिकतो. म्हणजे त्याला हवं ते सगळं आम्हीच मांडून ठेवलं होतं. संकरित जनावरं देशीपेक्षा या रोगाला जास्त बळी पडतात असं अभ्यास सांगतात, पण मला वाटतं नुसत्या जातीला दोष देऊन चालणार नाही. शेजारच्या अकोले तालुक्यातली डांगी गाय दिवसभर डोंगरावर मोकळी हिंडते. आमची एचएफ जन्मभर हातभर दोरीवर, दुसरीच्या तोंडाला तोंड लावून उभी. वय वाढत जातं, वेतं वाढत जातात, तसा धोकाही वाढतो. आणि माणसाचा टीबीही गाईला होतो. खोकणारा गडी गोठ्यात झोपत असेल तर आधी त्याला दवाखान्यात न्या, त्याच्यासाठीही आणि गाईंसाठीही.

आता खरं दुखणं. पॉझिटिव्ह गाईचं करायचं काय? कित्येक देशांत ती कापतात आणि मालकाला भरपाई देतात. आपल्याकडे कायद्यानं ते होत नाही, आणि खरं सांगते, मलाही ते करवलं नसतं. पण मग दुसरी वाट कोणती? जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा २००९ चा कायदा आहे, त्याच्या यादीत गुरांचा क्षयरोग आहे. २०१९ ला लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी देशभर कार्यक्रम सुरू झाला, त्यात क्षयरोग नाही. लम्पीत गाय गेली तर आपल्या राज्यात ३० हजार मिळाले. माझ्या चार गाईंसाठी एक रुपयाची तरतूद नाही. म्हणून जो भेटला तो एकच म्हणाला, "ताई, बाजार दाखवा." बोलणारी माणसं वाईट नाहीत. गाईवर कर्ज आहे, हप्ता थांबत नाही. मला जिनं टीबी आणला तिलाही कुणीतरी असाच बाजार दाखवला असेल, आणि त्यालाही कुणीतरी.

कृत्रिम रेतनासाठी आपण जी वीर्याची कांडी वापरतो, तिच्या वळूची वीर्यकेंद्रात टीबीसाठी ठरावीक काळानं तपासणी होते. ज्या वळूला आपण जन्मात बघत नाही तो तपासलेला, आणि जिचं दूध पोरं पितात ती गाय बिनतपासणीची. २०१८ च्या एका आढाव्यानुसार भारतातल्या ७.३ टक्के जनावरांना लागण असावी, म्हणजे दोन कोटींहून अधिक. हा माझ्या एकटीच्या गोठ्याचा प्रश्न नाही.

सासूबाई नातवाला रोज पहाटे धारोष्ण दूध द्यायच्या, कौतुकानं, पेला धरून. चाचणीनंतर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. घरातल्या सगळ्यांची तपासणी केली, देवाच्या कृपेनं कुणाला काही नाही. गाईचा टीबी माणसाला झाला तर उपचारातलं पायराझिनामाइड हे नेहमीचं औषध त्या जंतूवर चालत नाही, हे मला तेव्हाच कळलं. आणि आपल्या सगळ्यांच्या दंडावर ज्या बीसीजीचा वण आहे, ती लस फ्रान्समध्ये काल्मेत आणि गेरँ यांनी गाईच्याच क्षयजंतूपासून तयार केली. १९०८ पासून तेरा वर्षं तो जंतू पुन्हा पुन्हा वाढवत त्यांनी त्याला निर्बळ केलं. गेरँ जनावरांचे डॉक्टर होते. दूध बंद करू नका. उकळी आलेल्या किंवा पाश्चराइज केलेल्या दुधात हा जंतू जगत नाही. फक्त कच्चं पिऊ नका, कितीही प्रेमानं दिलं तरी.

बाजारातून आणलेली गाय पावसाळ्यात गेली. उरलेल्या तिघींना शेताच्या दुसऱ्या टोकाला वेगळं छप्पर केलंय. त्यांचं दूध आटवलं, आता त्यांना गाभण राहू देत नाही. रोजचं तीसेक लिटर दूध गेलं, चारा मात्र तेवढाच लागतो. बाकीच्या दहा मुक्त संचार गोठ्यात, म्हणजे न बांधता मोकळ्या आहेत, ताडपत्री काढून टाकलीय. दोन महिन्यांनी त्यांची पुन्हा चाचणी केली, सगळ्या निगेटिव्ह.

पुढच्या आठवड्यात तिसरी फेरी आहे. डॉक्टर म्हणालेत, आसपासचे चार-पाच गोठे एकत्र आले तर ते दोन दिवस इकडेच थांबतील. संगमनेर-अकोल्याकडचं कुणी असेल तर खाली गावाचं नाव आणि जनावरांची संख्या लिहा. पॉझिटिव्ह निघाली तर काय करायचं ही भीती मला कळते. माझ्या छपराखाली अजून दोन-तीन जनावरांची जागा आहे.