स्टेडियम वेळेवर म्हातारे करण्याविषयी काही सूचना

शहराचा कारभार आपल्या हाती आला असेल आणि त्या शहरात तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बांधलेले एखादे स्टेडियम व त्याच्या शेजारी बंदिस्त क्रीडागृह उभे असेल, तर आपल्या भाग्याचा हेवा वाटतो. गटारे आणि जलवाहिन्या यांच्यामागे आयुष्य वेचले तरी कुणी नाव घेत नाही. स्टेडियमचा पुनर्विकास मात्र एकाच कारकिर्दीत माणसाला कोनशिलेवर नेऊन बसवतो. अडचण एवढीच असते, की उभी असलेली इमारत बहुधा अजून धडधाकट असते. काँक्रीट आणि पोलाद हे हट्टी पदार्थ आहेत, निगा राखली तर ते माणसाच्या आयुष्याएवढे सहज टिकतात, आणि टिकलेली इमारत पाडण्याचा ठराव सभागृहात मांडताना शब्द अडखळतात. तेव्हा पुनर्विकासाचे पहिले काम म्हणजे स्टेडियमला वेळेवर म्हातारे करणे.

यासाठी कोणतेही वाईट काम करावे लागत नाही. चांगले काम तेवढे करायचे थांबवावे लागते. अंदाजपत्रकातील देखभाल-दुरुस्तीची तरतूद दरवर्षी थोडी थोडी कापत जावी. बैठकांच्या टप्प्यांमधील सांध्यांत भरलेले लवचीक द्रव्य काही वर्षांनी कडक होऊन फुटते. ते बदलण्याचा खर्च किरकोळ असतो, आणि किरकोळ असल्यामुळेच तो टाळला गेल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही. मग सांध्यातून पाणी झिरपते, आतल्या सळ्या गंजतात, गंजलेली सळई मूळच्या जाडीपेक्षा फुगते आणि वरच्या काँक्रीटचे ढलपे सुटू लागतात. पहिला ढलपा पडला की अभियंत्याला बोलावण्याची घाई करू नये, छायाचित्रकाराला बोलवावे. स्वच्छतागृहांकडेही असेच उदारपणे दुर्लक्ष करावे, कारण जाडजूड तांत्रिक अहवालापेक्षा मध्यंतरातले एक तुंबलेले स्वच्छतागृह लोकमत अधिक लवकर तयार करते, असे माझे निरीक्षण आहे.

इमारत एवढे करूनही दाद देत नसेल, तर ‘जीर्ण’ हा शब्द सोडून ‘कालबाह्य’ हा शब्द धरावा. जीर्णपणा तपासता येतो, त्यासाठी उपकरणे आहेत. कालबाह्यता मोजणारे उपकरण अजून निघालेले नाही. अटलांटा शहरातील जॉर्जिया डोम १९९२ मध्ये उघडला आणि २०१७ मध्ये, म्हणजे पंचविशीत, सुरुंग लावून पाडला गेला. टेक्ससमधील आर्लिंग्टन येथे १९९४ मध्ये बांधलेल्या बेसबॉल मैदानाला छप्पर नव्हते आणि तेथील उन्हाळा असह्य होता, म्हणून २०२० मध्ये जवळच छप्पर असलेले दुसरे मैदान सुरू झाले. टेक्ससमध्ये उन्हाळा जणू या दोन तारखांच्या दरम्यान नव्यानेच दाखल झाला होता.

म्हातारपणाला वरची मर्यादा मात्र आहे, ती विसरू नये. इमारत फारच जुनी झाली की तिच्याविषयी लोकांना अचानक प्रेम वाटू लागते आणि कायदाही मध्ये येतो. मिलानमधील सान सिरो स्टेडियमचा दुसरा मजला १९५५ मधला आहे. सार्वजनिक मालकीची वास्तू सत्तर वर्षांची झाली की तिला वारशाचे संरक्षण मिळू शकते, असा तेथील नियम असल्याने त्या मजल्याचा सत्तरावा वाढदिवस यायला काही दिवस उरले असताना, नोव्हेंबर २०२५ मध्ये, महापालिकेने हे स्टेडियम त्यात खेळणाऱ्या दोन क्लबांना विकून टाकले. ज्येष्ठांचा वाढदिवस इतक्या काळजीने लक्षात ठेवल्याचे उदाहरण दुर्मीळच म्हणावे लागेल.

यानंतर संघाच्या मालकांना भेटावे. भाडेकरू असूनही घरमालकाला नोटीस देण्याचा अधिकार असलेला हा जगातला बहुधा एकमेव वर्ग आहे. दुसऱ्या एखाद्या शहरात रिकामे स्टेडियम तयार असल्याचे मालक आपल्याला सांगतील आणि ते खरेही असू शकेल. फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग शहराने संघ येईल या आशेवर घुमटाकार स्टेडियम बांधायला घेतले. ते १९९० मध्ये उघडले आणि बेसबॉलचा स्वतःचा मोठा संघ त्याला १९९८ मध्ये मिळाला. तोवर, अगदी बांधकाम चालू असल्यापासून, इतर शहरांना भीती घालण्याच्या कामी ते अत्यंत उपयोगी पडले. शिकागोच्या एका बेसबॉल संघाने तेथे जाण्याची धमकी देताच ३० जून १९८८ च्या रात्री इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने नव्या स्टेडियमचे विधेयक घाईने हाती घेतले, आणि मध्यरात्रीची मुदत उलटू लागली तेव्हा सभागृहातले घड्याळच थांबवले गेले. आपल्या सभागृहातील घड्याळ बंद पडलेले असेल, तर ही एक दुरुस्ती आधीच झाली असे समजावे. ते नवे स्टेडियम १९९१ मध्ये उघडले, त्याचा वरचा भाग फार उंच आणि उभा आहे अशी तक्रार झाल्याने पुढे वरच्या काही रांगा काढून टाकाव्या लागल्या, आणि २०२४ पर्यंत त्याच संघाची आणखी एका नव्या स्टेडियमची बोलणी सुरू झाली होती.

स्टेडियम आणि क्रीडागृह असा जोड असेल तर कॅलिफोर्नियातील ओकलंडचा अभ्यास अवश्य करावा. तेथे १९६६ मध्ये दोन्ही वास्तू शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. अमेरिकी फुटबॉलचा संघ शहर सोडून गेला होता. त्याला १९९५ मध्ये परत आणण्यासाठी सार्वजनिक कर्ज काढून स्टेडियममध्ये प्रेक्षकांच्या बैठकांचा एक अजस्र कडा उभारण्यात आला, आणि पलीकडच्या टेकड्यांचे जे सुंदर दृश्य मैदानातून दिसत असे ते त्यामागे झाकले गेले. इतक्या खुर्च्यांना माणसे मिळेनात, म्हणून बेसबॉलच्या वेळी वरच्या खुर्च्यांवर ताडपत्री अंथरण्याची वेळ आली. कर्जाचे हप्ते चालूच होते. बास्केटबॉलचा संघ २०१९ मध्ये खाडीपलीकडे गेला, फुटबॉलचा २०२० मध्ये दुसऱ्यांदा गेला आणि बेसबॉलचा २०२४ च्या हंगामानंतर. ज्याच्यासाठी खर्च करावा तो थांबतोच असे नाही, असा क्षुद्र निष्कर्ष कुणी काढील. आपण मात्र ताडपत्रीच्या निविदेकडे लक्ष द्यावे.

आर्थिक लाभाच्या अहवालावर फार वेळ घालवू नये, कारण तो आधीच तयार असतो. त्यात फक्त शहराचे नाव बदलायचे असते. सामन्याला आलेले कुटुंब मनोरंजनावर जेवढे खर्च करणार असते तेवढेच करते, ते शहरात एकीकडे न करता दुसरीकडे करते इतकेच. खेळाडूंच्या वेतनाचा बराचसा भाग शहराबाहेर जातो, आणि अमेरिकी फुटबॉलच्या स्टेडियममध्ये वर्षाला जेमतेम दहा सामने होतात. या कारणांमुळे सार्वजनिक पैशाने बांधलेली स्टेडियमे शहराला तो पैसा परत मिळवून देत नाहीत, यावर अर्थशास्त्रज्ञांचे कित्येक दशके जवळजवळ एकमत आहे. अर्थशास्त्रज्ञांचे एकमत होणे हीच मुळात संशयास्पद गोष्ट आहे, असे सभागृहात हसून सांगावे आणि पुढच्या विषयाकडे वळावे.

मतदारांना शक्यतो विचारू नये. विचारलेच आणि त्यांनी नकार दिला, तर तो नकार अंतिम मानू नये. सिॲटल आणि परिसरातील मतदारांनी सप्टेंबर १९९५ मध्ये बेसबॉल स्टेडियमसाठीचा कर अगदी थोड्या मतांनी फेटाळला होता. काही आठवड्यांतच राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशन भरवून दुसऱ्या करांमधून त्याच स्टेडियमची सोय केली. ह्यूस्टनमध्ये मात्र २०१३ साली मतदारांनी ॲस्ट्रोडोम या बंद पडलेल्या स्टेडियमच्या पुनर्विकासाचा २१ कोटी ७० लाख डॉलरचा प्रस्ताव नाकारला, आणि एके काळी ‘जगातले आठवे आश्चर्य’ म्हणवली जाणारी ती १९६५ ची वास्तू ना पाडलेली ना वापरलेली अशी उभी राहिली. मतदारांच्या हाती निर्णय सोपवला की त्यांना नेमके काय हवे आहे, हा अवघड प्रश्न उपस्थित होतो.

आराखडा निवडताना खर्चाचा आकडा लहान आणि चित्र मोठे असावे. टोकियोने २०२० च्या ऑलिंपिकसाठी झाहा हदीद यांचा आराखडा निवडला, १९६४ च्या ऑलिंपिकचे जुने स्टेडियम पाडले, आणि १३० अब्ज येनांचा मूळ अंदाज २५२ अब्जांपर्यंत गेल्यावर जुलै २०१५ मध्ये आराखडाच रद्द केला; जुने गेले, नवे नाही, अशी निखळ अवस्था फार थोड्या शहरांना साधते. नंतर केंगो कुमा यांचा आराखडा आला, त्यात लाकडाचा मुबलक वापर होता आणि ऑलिंपिकची ज्योत ठेवायला जागा नव्हती. ही गोष्ट २०१६ मध्ये लक्षात आली. लंडनने याउलट पुढे-मागे सरकणाऱ्या खुर्च्यांवर भर दिला. २०१२ च्या ऑलिंपिकचे स्टेडियम फुटबॉलसाठी बदलण्यावर ३२ कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला आणि क्लबला ते वर्षाला साधारण २५ लाख पौंड भाड्याने ९९ वर्षांसाठी मिळाले. खुर्च्या सरकवण्याला वर्षाला तीन लाख पौंड लागतील असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ती रक्कम कित्येक दशलक्षांत गेली. आपल्या खुर्चीविषयी आपण स्वतः जो नियम पाळतो, तोच प्रेक्षकांच्या खुर्चीलाही लावला असता तर बरे झाले असते.

कर्जाची मुदत इमारतीच्या आयुष्यापेक्षा लांब ठेवावी, म्हणजे हप्ते भरताना समोर इमारत दिसत नाही आणि चौकशी करणाऱ्याला काय विचारावे ते सुचत नाही. सिॲटलचे किंगडोम १९७६ मध्ये उघडले, १९९४ मध्ये त्याच्या छताच्या फरशा खाली आल्या, मोठ्या खर्चाने छत दुरुस्त झाले, आणि २६ मार्च २००० रोजी ते दुरुस्त छतासह जमीनदोस्त करण्यात आले. त्याचे शेवटचे कर्ज २०१५ मध्ये फिटले. न्यू जर्सीतील जायंट्स स्टेडियम २०१० मध्ये पाडले गेले तेव्हा त्याच्या नावावर सुमारे ११ कोटी डॉलर देणे बाकी होते.

काही उदाहरणे आपल्या सहकाऱ्यांच्या नजरेस पडू देऊ नयेत. त्याच सिॲटलमध्ये १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेले क्रीडागृह आहे. १९९५ मध्ये ते आतून नवे केले होते, तरी काही वर्षांतच त्याला कालबाह्य ठरवण्यात आले आणि २००८ मध्ये तेथला बास्केटबॉलचा संघ निघून गेला. पुढे खासगी भांडवलातून पुनर्विकास करताना सुमारे वीस हजार टनांचे मूळ छप्पर तात्पुरत्या खांबांवर तोलून धरले, त्याखालची जमीन अधिक खोल खणली आणि २०२१ मध्ये जुन्या छपराखाली नवे क्रीडागृह सुरू झाले. बॉस्टनचे फेनवे पार्क हे बेसबॉल मैदान तर १९१२ चे. १९९९ मध्ये ते सोडून नवे बांधण्याची योजना जाहीर झाली होती. २००२ मध्ये आलेल्या मालकांनी तेच मैदान हळूहळू सुधारत नेले आणि २००३ मध्ये त्याच्या प्रसिद्ध हिरव्या भिंतीवर चक्क खुर्च्या बसवल्या. अशा ठिकाणी दरवर्षी थोडी डागडुजी होते, आणि डागडुजीच्या उद्घाटनाला मान्यवर येत नाहीत.

पाडण्याचा दिवस समारंभपूर्वक साजरा करावा, फक्त वाहतूक शाखेला कळवायला विसरू नये. जॉर्जिया डोमच्या वेळी थेट प्रक्षेपण करणाऱ्या एका वाहिनीचा कॅमेरा बराच काळ रोखून धरलेला होता. नेमक्या त्या क्षणी समोर एक बस येऊन थांबली आणि ती निघून गेली तोवर डोम उरला नव्हता.

आणि आपली महत्त्वाकांक्षा याहून मोठी असेल, तर माँट्रियलकडे पाहावे. १९७६ च्या ऑलिंपिकला, पुरुषाला मूल होणे जेवढे अशक्य तेवढाच तोटा होणे अशक्य, असे तेथील महापौर ज्याँ द्रापो यांनी सांगितले होते. स्टेडियमचा मनोरा १९८७ पर्यंत पुरा झाला नाही, उघडझाप होणारे छत धड चालले नाही, नंतर बसवलेल्या छताचा एक भाग १९९९ मध्ये बर्फाने फाटून खाली आला, बेसबॉलचा संघ २००४ च्या हंगामानंतर गेला आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या करातून कर्ज २००६ मध्ये फिटले. छताला पुढे सुमारे वीस हजार ठिकाणी भोके पडली. २०२४ मध्ये क्विबेक सरकारने नव्या छतासाठी ८७ कोटी डॉलर मंजूर केले, आणि त्याचे समर्थन असे होते की स्टेडियम पाडायला दोन अब्ज डॉलर लागतील. दुरुस्त करणे परवडत नाही आणि पाडणे त्याहून परवडत नाही, अशी वास्तू वास्तुविशारदाकडे पहिल्याच बैठकीत मागावी. ही मागणी तोंडी करावी. इतिवृत्तात नोंदवू नये.