‘हजारो डोळे’ नेमकं काय वाचतात?

“ओपन सोर्सचा कोड सगळ्यांसमोर असतो, त्यावर हजारो डोळे असतात, म्हणून चूक फार काळ लपत नाही. आणखी लोकांना कोड लिहायला लावा, दर्जा आपोआप सुधारेल.” हा दावा वर्षानुवर्षं फिरतोय. ओपन सोर्स मला मनापासून हवं आहे, म्हणूनच तो खोडून काढणं गरजेचं वाटतं.

‘हजारो डोळे असतात.’ वापरणारे असतात, वाचणारे नसतात. इंटरनेटवरच्या असंख्य सर्व्हरची सुरक्षा ओपनएसएसएल या ओपन सोर्स लायब्ररीवर (इतर प्रोग्रॅमनी वापरायच्या तयार कोडवर) अवलंबून होती. तरी २०१४ पर्यंत त्या प्रोजेक्टला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणग्या मिळत आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता.

‘चूक फार काळ लपत नाही.’ त्याच ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक मार्च २०१२ मध्ये रिलीज झाली आणि एप्रिल २०१४ मध्ये उघडकीला आली. बॅश या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधली शेलशॉक ही चूक तर १९८९ पासून होती, सापडली २०१४ मध्ये. या सगळ्या काळात कोड कुणालाही वाचता येत होता.

‘एक्सझेडमधला बॅकडोर पकडला गेलाच ना!’ हा मुद्दा सगळ्यात जास्त पुढे केला जातो, म्हणून जरा सविस्तर. एक्सझेड हे फाइल्सचा आकार लहान करणारं ओपन सोर्स टूल, आणि बॅकडोर म्हणजे आत शिरायला मुद्दाम ठेवलेली चोरवाट. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला एसएसएचने दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे जाणवलं आणि त्याचा माग एक्सझेडपर्यंत पोहोचला. ते एक्सझेडचा कोड तपासायला बसलेच नव्हते, वेगळ्याच कामात होते. घुसखोराने मात्र दोन वर्षांहून अधिक काळ नीट पॅच (कोडमधले बदल) पाठवून विश्वास कमावला होता. एकट्याने प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या, थकलेल्या मेंटेनरवर अनोळखी खात्यांवरून ‘दुसऱ्याला जबाबदारी द्या’ असा तगादा लावला गेला. बॅकडोरचा बराचसा भाग टेस्टसाठीच्या बायनरी (माणसाला सरळ वाचता न येणाऱ्या) फाइल्समध्ये दडवला होता आणि तो चालू करणारा दुवा गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या रिपॉझिटरीत नव्हताच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटण्यासाठी बांधलेल्या फाइल्सच्या गठ्ठ्यात होता. म्हणजे कुणी रिपॉझिटरी ओळीन् ओळ वाचली असती तरी तो दुवा दिसला नसता. शंका आल्यावर फ्रॉइंड मुळापर्यंत जाऊ शकले, हे खुलेपणाचं खरं मोल, आणि ते मी कमी लेखत नाही. पण शंका यायला एका चिकित्सक माणसाचं तिथे असणं लागलं.

‘आणखी लोक जोडा.’ प्रत्येक नवा पॅच म्हणजे मेंटेनरच्या डोक्यावर आणखी एक रिव्ह्यू. टंचाई लिहिणाऱ्यांची नाही, तपासणाऱ्यांची आहे. एसक्यूलाइट या डेटाबेसची टीम अगदी छोटी आहे आणि बाहेरचे पॅच ती सहसा घेत नाही. पण तिचा टेस्ट कोड मूळ कोडच्या कित्येक शे पट आहे, आणि तिच्या भरवशामागे ही मेहनत आहे. सगळ्यांनी दारं बंद करावीत असं मी म्हणत नाही, पण गर्दी आणि दर्जा यांचं नातं दावा सांगतो तितकं सरळ नाही.

मग करायचं काय? रिलीज एकाच्या हातात न ठेवता दुसऱ्याच्या संमतीनेच निघावा. टारबॉल थेट रिपॉझिटरीतून बनावा आणि कुणालाही तो पुन्हा जसाच्या तसा बनवून ताडता यावा. डेबियन या लिनक्स सिस्टिममध्ये २०१३ पासून या दिशेने काम चालू आहे. ज्या कंपन्यांचा धंदा अशा लायब्ररींवर चालतो त्यांनी मेंटेनरच्या रिव्ह्यूच्या वेळेचे पैसे द्यावेत, नवीन फीचरचे नव्हे. आणि नव्याने येणाऱ्याने पहिला पॅच लिहिण्याआधी रांगेत पडलेला दुसऱ्याचा एखादा पॅच घ्यावा, तो चालवून बघावा आणि काय बिघडलं, काय चाललं ते तिथेच लिहावं.