विल्डबीस्ट पंचांग पाळत नाहीत

केनियाला जायचं ठरलं तेव्हा वाटलं होतं, अडचण पैशांची येईल. ती आलीच, पण तिच्याआधी गणपती आले.

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जायचं तर नदी ओलांडणारे विल्डबीस्टच बघायचे, हा नवऱ्याचा हट्ट. पंधरा लाखांच्या आसपास हे गुरांसारखे दिसणारे प्राणी गवतामागोमाग टांझानियातल्या सेरेंगेटीतून वर सरकतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात येऊन-जाऊन असतात. जुलैत लेकाची घटक चाचणी. मग गौरी-गणपती. मग पितृपक्ष, शुभकार्य नको. मग घट बसलेले, घर सोडायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कळप परतीला लागलेले. मे महिना अख्खा मोकळा, तर तेव्हा तिकडे पावसाचे दिवस आणि कळप टांझानियात! मैत्रीण म्हणाली, "फेब्रुवारीत जा ना, सेरेंगेटीच्या दक्षिणेला त्यांची पिल्लं जन्मतात."

"बाळंतिणीच्या घरी कसले पाहुणे जाता?" सासूबाई म्हणाल्या. विषय संपला.

तोडगाही त्यांनीच काढला. "मामंजींची तिथी झाली की दुसऱ्या दिवशी निघू. पक्षात नवीन खरेदी करू नये म्हणतात, आपले पैसे तर आधीच गेलेत." गेले होते खरे. जुलै ते डिसेंबर माराची प्रवेश फी परदेशी माणसाला दिवसाला दोनशे डॉलर, त्याआधीच्या सहा महिन्यांत शंभर. विल्डबीस्टांनाही सीझन कळतो.

पीतज्वराची लस सगळ्यांनी निमूट टोचून घेतली, कारण तो दाखला नसेल तर परतल्यावर आपलंच सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. "जेवण देतात का?" एवढंच सासूबाईंनी विचारलं.

खरं महाभारत झालं सामानावरून. नैरोबीहून माराला जाणाऱ्या छोट्या विमानात माणशी पंधरा किलो, तेही मऊ बॅगेत. हातातली पिशवीसुद्धा त्यातच धरायची. आमच्या घरातली सगळ्यात मऊ बॅग म्हणजे लेकाचं दप्तर. त्यात केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी, आणि आमचा खाऊ पिढ्यान्‌पिढ्या प्लास्टिकच्या पिशवीला रबर लावूनच प्रवास करत आलाय. नैरोबीत गुजराती वस्ती मोठी, शाकाहारी जेवणाची ददात नाही, हे मी तीनदा सांगितलं. "गुजराती गोड करतात," म्हणून चिवडा, मेतकूट आणि दाण्याची चटणी स्टीलच्या डब्यांत गेली.

आता स्टीलला वजन असतं. ताणकाट्याला बॅग लावली तर काटा पंधराच्या पुढे. एक तर डबे निघणार, नाहीतर नवऱ्याची बिगरहप्त्याची, म्हणजे माझ्यापासून लपवून घेतलेली लांबलचक लेन्स.

"सिंह दिवसातले वीसेक तास झोपतो, असं तूच सांगितलंस ना?" सासूबाईंनी लेन्स बाहेर काढून सोफ्यावर ठेवली. "झोपलेल्याचा फोटो मोबाइलवर छान येतो."

डबे गेले.