ख्रिस्टी ब्राउननं थेरपी नाकारली नव्हती

माझा भाचा सहा वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायू ताठरलेले. ताई त्याला कडेवर घेऊन ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलनं आठवड्यातून तीनदा वाशीला थेरपीसाठी नेते. गेल्या रविवारी तिच्या सासूबाईंनी तिच्यापुढे मोबाइल धरला. ‘हे वाच, आणि पोराचे हाल थांबव.’ दुसऱ्या दिवशी तोच मेसेज मला इथे ठाण्यात सोसायटीच्या ग्रुपवर आला.

वर ‘माय लेफ्ट फूट’ सिनेमाचं पोस्टर. खाली मजकूर: आयर्लंडचा चित्रकार-लेखक ख्रिस्टी ब्राउन जन्मापासून लुळा, चालायचा तो फक्त डावा पाय. डॉक्टरांनी हात वर केले. एकही उपचार न घेता, आईची माया आणि इच्छाशक्ती यांवर तो जगप्रसिद्ध झाला, स्वतःवरच्या सिनेमात काम करून ऑस्करही जिंकला. तेव्हा पालकांनो, फिजिओथेरपीवर पैसे घालवू नका.

ऑस्करचं आधी उरकते. ख्रिस्टी १९८१ मध्ये वारला, सिनेमा १९८९ चा. ऑस्कर मिळालं ते त्याची भूमिका करणाऱ्या डॅनियल डे-लुईसला आणि आई झालेल्या ब्रेंडा फ्रिकरला. एवढंही न तपासता लोक हे पुढे ढकलतात.

आता ‘एकही उपचार न घेता’. हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं. ख्रिस्टीचं ‘माय लेफ्ट फूट’ हेच नाव असलेलं आत्मचरित्र १९५४ साली छापून आलं. त्याचा केवढा तरी भाग उपचारांवरच आहे! डब्लिनचे डॉ. रॉबर्ट कॉलिस त्याला शोधत घरी आले. लंडनला आयरीन कॉलिस या तज्ज्ञांनी त्याला तपासलं आणि अट घातली, डावा पाय वापरायचा नाही. सगळी कामं त्या एका पायानं करताना बाकीचं शरीर आणखी ताठरतं, म्हणून. ज्या पायानं तो चित्रं काढायचा, लिहायचा, तोच बंद. त्यानं ते कबूल केलं आणि पुस्तकाचा मजकूर भावांना तोंडी सांगून लिहवून घेतला. घरात पोरांची दाटी, व्यायामाला जागा पुरेना, म्हणून आईनं परसात खोली बांधायला घेतली. विटा स्वतः रचायला लागली. मेसेजवाले ज्या मायेचे गोडवे गातात ती माया ही.

सिनेमातसुद्धा डॉक्टरीणबाई त्याला बोलायला शिकवताना दिसतात. ते पात्र रचलेलं आहे, पण थेरपी तिथेही आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं सिनेमाही पाहिलेला नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. लहानपणी डॉक्टरांनी त्याला मतिमंद ठरवलं होतं, आशा सोडा म्हणाले होते. आईनं ऐकलं नाही. पाचव्या वर्षी त्यानं डाव्या पायाच्या बोटांत खडू धरून ‘ए’ अक्षर काढलं, तेव्हा शेजारी आईच होती. पण उपचार उशिरा मिळाले ही त्याच्या वाट्याला आलेली उणीव होती. तिला कसला गुण म्हणता?

मुलाची हाडं वाढत जातात, ताठर स्नायू त्या बेतानं लांबत नाहीत. मग सांधे आखडतात, खुबा जागेवरून सरकू शकतो. स्ट्रेचिंग आणि स्प्लिंट (हातपाय नीट स्थितीत धरून ठेवणारा आधार) यासाठी असतात. मेंदूची इजा थेरपीनं पुसली जात नाही, हे ताईला पहिल्याच दिवशी सांगितलेलं आहे. पण सहा वर्षांच्या पोरानं आखडलेली टाच इच्छाशक्तीनं टेकवायची कशी, हे हा मेसेज पाठवणाऱ्यांनी मला समोर बसून सांगावं.

सासूबाईंवर माझा राग नाही. स्ट्रेचिंग करताना नातू रडतो, त्यांना बघवत नाही. त्यांना त्या परसातल्या खोलीबद्दल मी सांगितलं आणि म्हटलं, एकदा वाशीला सोबत चला, तो तिथे काय काय करतो ते बघा. त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत. बुधवारी ताईबरोबर मी जाणार आहे.