आईची दोन नावं आणि एक पेन्शन

आईचं माहेरचं नाव कुसुम. 1975 च्या लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'शुभांगी' लिहिलं आणि लालबागच्या चाळीत ती शुभांगी झाली. पुढची एकोणपन्नास वर्षं कुणाचं काही अडलं नाही. बाबा गेले आणि त्यांच्यामागे आईला मिळायच्या फॅमिली पेन्शनसाठी बँकेच्या काउंटरवर अडलं.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून 2010 मध्ये साठाव्या वर्षी रिटायर झाले. त्यांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, पत्नी म्हणून नाव शुभांगी. पण आधार काढताना जन्मतारखेसाठी आईनं शाळा सोडल्याचा दाखला नेला होता, त्यावर कुसुम. मग आधारवर कुसुम, पॅनवर कुसुम, खात्यावर कुसुम. काउंटरवरची मुलगी चांगली होती, "आजी, आधी बसा" म्हणाली. पण दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून तिनं विचारलं, "या दोघी एकच कशावरून?"

आई म्हणाली, "अगं, मीच ना ती!"

एवढ्यावर सरकारी काम होत नाही. चार फेऱ्या झाल्या. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून केलं. माळ्यावरच्या ट्रंकेतून लग्नपत्रिका काढली, 'चि. सौ. कां. कुसुम' छापलेली. पण खरा उपयोग झाला तो फोटोचा. पेन्शनच्या कागदांबरोबर नवरा-बायकोचा जोडीनं काढलेला फोटो द्यावा लागतो. बाबा सफारीत, आई अबोलीचा गजरा माळून, दोघंही दंडाधिकाऱ्यासमोर उभं केल्यासारखी. त्या मुलीनं फोटो बघितला, आईकडे बघितलं आणि पहिल्यांदा हसली.

या फेऱ्यांमध्ये रांगेत आणि घरात लोक जे बोलत होते, ते ऐकून ही पोस्ट लिहितेय.

तेराव्याला काकांनी विचारलं, "दादानं नॉमिनी कुणाला लावलंय?" घरोघरी हाच पहिला प्रश्न. ग्रॅच्युइटीला नॉमिनी असतो, राहिलेल्या थकबाकीला असतो. फॅमिली पेन्शन नॉमिनेशननं मिळत नाही. ती मृत्युपत्रात कुणाच्या नावे लिहून ठेवता येत नाही, कारण ती बाबांची इस्टेट नव्हेच. नियमच सांगतो की आधी पत्नी किंवा पती, मग मुलं. कायदेशीर पत्नी हयात आणि पात्र असेल तर धाकटा लाडका म्हणून त्याला देऊ, असं बापालाही म्हणता येत नाही. म्हणून मला ते "बाबांची पेन्शन आता आईला मिळते" हे वाक्यच खटकतं. कानाला ते उपकारासारखं लागतं. ती आईची पेन्शन आहे. बाबा असताना ती सुरू व्हायची होती, इतकंच.

(याला एक अपवाद आला आणि मला तो आवडला. जानेवारी 2024 पासून केंद्राच्या महिला कर्मचारी किंवा पेन्शनरची नवऱ्याविरुद्ध घटस्फोटाची, घरगुती हिंसेची किंवा हुंड्याची केस चालू असेल, तर माझ्यामागे फॅमिली पेन्शन नवऱ्याच्या आधी मुलांना द्या, असं ती लेखी कळवू शकते.)

आता पैशांचं. सगळे सांगतात "निम्मी मिळते". बाबांच्या पेन्शनच्या निम्मी नाही मिळत. पेन्शन शेवटच्या बेसिकच्या 50 टक्के आणि फॅमिली पेन्शन 30 टक्के. बेसिक 50,000 असेल तर त्याला 25,000 आणि तिला 15,000, वर महागाई वेगळी. कर्मचारी नोकरीत असतानाच गेला तर दहा वर्षं वाढीव दरानं, म्हणजे 50 टक्क्यांनी मिळते. रिटायर झाल्यावर गेला तर तो वाढीव दर सात वर्षं किंवा तो 67 चा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. बाबा 74 व्या वर्षी गेले, आमच्या वाट्याला साधा दर. आईला धास्ती होती कम्युटेशनची, कारण बाबांनी रिटायर होताना पेन्शनचा 40 टक्के भाग विकून एकरकमी पैसे घेतले, त्यात या घराचं छप्पर केलं होतं आणि पेन्शनमधून ते कापलं जात होतं. "माझ्यातूनही कापतील का गं?" नाही. कम्युटेशनची कपात फॅमिली पेन्शनला लागत नाही.

रांगेत भेटलेल्या एक काकू स्वतः केंद्राच्या पेन्शनर. नवराही केंद्राच्याच नोकरीतला. तो जाऊन दोन वर्षं झाली आणि त्यांनी अर्जच केला नव्हता. "मला माझी आहे, मग दुसरी कशी देतील?" देतात. पत्नीला किंवा पतीला उत्पन्नाची अट नाही. उत्पन्न बघतात ते आश्रित मुलीबिलींच्या बाबतीत. काकू तिथेच मटकन बसल्या आणि मग पर्समधून पेन शोधायला लागल्या.

नुसतं वेगळं राहिल्यानं हक्क जात नाही, घटस्फोटानं जातो. रिटायर झाल्यावर केलेल्या लग्नाची बायकोही पात्र असते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच सांगितलंय. पहिली हयात असताना, घटस्फोट न घेता केलेल्या दुसऱ्या लग्नाचं मात्र अवघड आहे. हिंदू विवाह कायद्यानं ते लग्नच नाही, मग वीस वर्षं डबे तिनं भरलेले असोत. याला न्याय म्हणायचं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. विधवेनं पुन्हा लग्न केलं तर पेन्शन थांबते, पण मूल नसेल आणि उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल तर चालू राहते. ही सवलत पुष्कळ बायकांना माहीतच नसते आणि पेन्शन जाईल म्हणून त्या लग्नाचं नाव काढत नाहीत.

आणि हे सगळं नशीबवानांचं. आमच्या शेजारच्या वहिनींचा नवरा खाजगी कारखान्यात, पेन्शन प्रॉव्हिडंट फंडाच्या ईपीएस 95 योजनेची. तिथे विधवेला नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्मी आणि निदान 1,000 रुपये. सप्टेंबर 2014 पासून हा आकडा हजारच. आमच्या चाळीत महिन्याच्या दुधालाही तो पुरत नाही. दर वर्षी मात्र तेवढ्यासाठीही हयातीचा दाखला लागतोच.

तर, कपाटातली ती प्लॅस्टिकची पिशवी आजच काढा. पीपीओवर जोडीदाराचं नाव, स्पेलिंग, जन्मतारीख आधारशी जुळतेय का बघा. जुळत नसेल तर पेन्शनर हयात असताना दुरुस्ती सोपी, एक अर्ज आणि कागद. नंतर आमच्यासारखी ट्रंक उघडायला लागते. नाव नीट असेल तर मृत्यूचा दाखला, पीपीओ आणि तिची ओळख यावर बँकेतूनच सुरू होते. जॉइंट खातं असलं तर आणखी सोपं, पण ते सक्तीचं नाही.

हे शहाणपण सांगून झाल्यावर काल रात्री नवऱ्याची फाईल काढली. तो 2003 ला लागला, जुन्या पेन्शनच्या अगदी काठावर; 2004 पासून लागलेल्यांना नवी योजना. कुटुंबाच्या तपशिलात माझं नाव आहे, त्याच्या आडनावासकट. मी आडनाव कधी बदललेलंच नाही, बावीस वर्षं झाली लग्नाला.

"अगं, सवयीनं लिहिलं गेलं," म्हणाला.

सोमवारी हाफ डे टाकून अर्ज द्यायला जातोय.