राजीनामा द्यायचा तर तारीख सांगून द्या

निकाल लागला की दुसऱ्या दिवशी बातमी ठरलेली, अमुक नेत्याने राजीनाम्याची तयारी दर्शवली. अरे भाऊ, तयारी काय दर्शवता? द्यायचा तर देऊन टाका, नाहीतर सरळ सांगा की हरलो ते माझ्यामुळे आणि आता दुरुस्त पण मीच करतो. मधे लटकवून ठेवणं मला बिलकुल पटत नाही, त्यात खालचा माणूस मरतो.

आपल्या नागपूरचंच घ्या ना. 2024 च्या लोकसभेत विदर्भातल्या 10 पैकी नागपूर अन् अकोला एवढ्याच जागा भाजपकडे राहिल्या, राज्यात 23 वरून 9 वर आले, आणि 5 जूनला फडणवीस म्हणाले जबाबदारी माझी, मला सरकारमधून मोकळं करा. पक्षाने सोडलं नाही. पण नेता कोण हा प्रश्न तिथेच संपला, पोरं कामाला लागली, नोव्हेंबरमध्ये विधानसभेला 132 जागा आल्या. लाडकी बहीण वगैरे कारणं होतीच, मान्य आहे.

काँग्रेसचं बघा. लोकसभेला 13 अन् विधानसभेला फक्त 16! प्रदेशाध्यक्ष नाना पटोले स्वतः साकोलीत कसेबसे 208 मतांनी निवडून आले. निकाल 23 नोव्हेंबरचा आणि नवे अध्यक्ष सपकाळ आले फेब्रुवारीत, म्हणजे जवळपास तीन महिने कोणालाच पत्ता नाही की उद्या अध्यक्ष कोण राहणार.

राहुल गांधींनी 2019 मध्ये 52 जागा आल्यावर खरंच पद सोडलं, सगळे मागे लागले तरी परत घेतलं नाही, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पुढची व्यवस्था कुठे होती? निवडणूक होऊन खर्गे यायला ऑक्टोबर 2022 उजाडला. तिकडे ब्रिटनमध्ये पंतप्रधान सुनक 5 जुलै 2024 ला हरले, त्याच दिवशी सांगितलं की पक्षाचं नेतृत्व सोडतो पण नवा नेता निवडायची व्यवस्था झाल्यावर, आणि 2 नोव्हेंबरला पक्षाने नवा नेता निवडला पण. असं पाहिजे.

मी हे एवढं काहून लिहितो? कळमन्याला मतमोजणीत बसलेली पोरं आठवतात म्हणून. बूथवरचा 17-सी फॉर्म, म्हणजे त्या बूथवर किती मतं पडली त्याचा हिशेब, घडी करून खिशात, प्रत्येक राऊंडला आकडा आला की त्याच कागदाच्या मागे पेनने बेरीज, अन् चौथ्या-पाचव्या राऊंडनंतर पेनाला टोपण लावून नुसता बसून राहिलेला पोट्टा. नेता मुंबईला जातो, दिल्लीला जातो. हा मात्र त्याच गल्लीत राहतो आणि पोह्याच्या ठेल्यावर त्यालाच विचारतात, "काहून हरले बे?" त्याच्याकडे उत्तर नसते, कारण त्याला कोणी काही सांगितलेलंच नसते.

म्हणून शहराध्यक्ष असो की प्रदेशाध्यक्ष, पक्ष कोणताही असो, पद सोडायच्या आधी या बूथवाल्यांना बोलवा, हॉटेलातल्या चिंतन बैठकीत नाही, वॉर्डात. ते 17-सी चे कागद समोर ठेवा, कुठे किती गेलं ते त्यांच्या तोंडून ऐका, लिहून घ्या, आणि तो कागद नव्या माणसाच्या हातात देऊन मग खुर्ची सोडा.