आयएसओच्या भीतीपोटी रात्रीचे फोटो हलताहेत

रात्री फ्लॅशशिवाय फोटो काढणाऱ्यांसाठी एक सल्ला सगळीकडे फिरतोय: एफ/१.४ ची लेन्स घ्याच (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं), आयएसओ, म्हणजे मिळालेला प्रकाश किती उजळ दाखवायचा तो आकडा, ८०० च्या वर नेऊ नका, आणि स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप भरून काढणारी सोय, असेल तर ट्रायपॉड विसरा. नवा कॅमेरा हातात आलेली माणसं हे वाचून नाउमेद होतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी आयएसओ, कारण सर्वांत जास्त फोटो इथेच वाया जातात. नॉइज, म्हणजे फोटोतला दाणा, येतो तो मुख्यतः सेन्सरवर प्रकाश कमी पडल्यामुळे. शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) तेच ठेवून नुसता आयएसओ उतरवला, तर प्रकाश काही वाढत नाही, फोटो फक्त काळवंडतो. मग तो कॉम्प्युटरवर उजळायचा. आयएसओ ४०० चा असा फोटो तीन स्टॉप, म्हणजे तीनदा दुप्पट, उजळून पाहा. सावल्यांमधला दाणा थेट ३२०० वर काढलेल्या फोटोइतकाच दिसेल, बऱ्याच कॅमेऱ्यांत जास्तच.

टेबलावरच्या दिव्यात वाचत बसलेल्या एका मुलीचे मी एफ/१.८ वर दोन फोटो काढले होते. पहिला आयएसओ ८००, शटर १/१५ सेकंद. पान उलटणारी बोटं म्हणजे नुसता पुसट पट्टा, पापण्या एकमेकींत मिसळलेल्या. दुसरा आयएसओ ६४००, शटर १/१२५. गालावर दाणा स्पष्ट दिसतो, पण पापणी न् पापणी सुटी आहे. दाणा सॉफ्टवेअरमध्ये बराच कमी होतो. हललेले डोळे मात्र परत मिळत नाहीत.

आता लेन्स. एफ/१.४ आणि एफ/१.८ मधला फरक जेमतेम दोन तृतीयांश स्टॉपचा. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स, झूम केल्यावर साधारण एफ/५.६ वर येते, तिथून एफ/१.८ ला गेलात की जवळजवळ दहापट प्रकाश मिळतो. खरी उडी ही, आणि ५० एमएम एफ/१.८ त्यासाठी पुरते. शिवाय फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० एमएम एफ/१.४ ने दोन मीटरवरचा माणूस टिपताना फोकसमध्ये राहतं ते सुमारे १३ सेंटिमीटर. मागे उभा असलेला दुसरा माणूस गेलाच.

स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, समोरच्याची हालचाल नाही. चालणाऱ्या माणसाला १/१२५ च्या आसपास शटर द्यावंच लागतं. उलट इमारत टिपायची असेल तर ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८, काही सेकंदांचं शटर आणि दोन सेकंदांचा टायमर. तिथे किट लेन्सही छान काम करते.

त्या सल्ल्यात एक्स्पोजरबद्दल, म्हणजे फोटो किती उजळ यावा याबद्दल, अक्षरही नाही. अंधार जास्त असला की कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर फोटो उजळ करायला जातो, रात्र संध्याकाळसारखी दिसते आणि दिवे पांढरे फटक पडतात. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एक करा, म्हणजे फोटो एक स्टॉप गडद येईल, आणि रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. पण फ्रेममध्ये चेहरा असेल तर एक्स्पोजर चेहऱ्यावरच ठेवा, मागचा दिवा पांढरा फटक पडला तरी पडू द्या.